एस्त्रेल ओतेलाची मागची चूल

॥ श्री ॥
पेडणे, १६ एप्रिल १९८६

राणी,

तुझ्या बापाला लिहून काही उपयोग नाही म्हणून तुला लिहिते. तू कॉलेजात जातेस, उत्तर द्यायची तरी लाज वाटेल. त्याला वास्कोच्या पोर्टातल्या बोटी दिसतात, पेडण्यातली आई दिसत नाही.

बातमी अशी की ओतेल विकलं. मालक मिंगेलबाबाचा पुतण्या लिस्बोनहून आला, पुढच्या बाल्कांवाच्या कट्ट्यावर बसून सिगारेटी ओढल्या आणि म्हापशाच्या गोकुळदास शेटाला सगळं विकून परत गेला. जाताना मागं माझ्याकडं येऊन म्हणतो, "देवकीबाय, तुमी बरीं आसात मू?" मी म्हटलं, "मी आसा. तुझ्या आज्याचें ओतेल खंय आसा तें तू सांग." हसला. ह्या लोकांना हसायला बरं जमतं.

शेट आता लॉजिंग-बोर्डिंग आणि बार काढणार. मागचं आपलं घर पाडून तिथं लॉजवाल्यांचे संडास बांधायचे म्हणतो. म्हणजे जिथं मी जन्मभर रांधलं तिथं ह्याची गिऱ्हाइकं बसणार. आपण मुंडकार. भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या, जागेत घर करून जो मुंडकार म्हणून राहतो त्याला हाकलता येत नाही, असा कायदा आहे. पण तुझा आजा विठ्ठल गेल्यावर नाव तुझ्या बापाचं, जयरामाचं लागलं. मामलेदारासमोर त्यालाच उभं राहावं लागणार. तारीख जूनची आहे. बापाला सांग, घर राहिलं तर त्याच्यासाठीच राहणार. पोर्टातली नोकरी सरल्यावर परत कुठं येणार आहे तो? कोळशाच्या ढिगावर?

तुझी आजी
देवकी

॥ श्री ॥
वास्को, २९ एप्रिल १९८६

प्रिय आजी,

पाया पडते. तुझं पत्र बाबांनी दोनदा वाचलं आणि घडी करून खिशात ठेवलं. त्यांना सध्या ओव्हरटाइम आहे, रजा मिळत नाही. आई म्हणते, बघू.

आमच्या शेजारी एक वकील राहतात. ते म्हणाले, आजीला विचार, ती त्या घरात कधीपासून राहते, ओतेल कोणाकोणाचं होतं, तिथं काय काय चाललं. सगळं लिहून आलं तर केस उभी करायला बरं पडेल. तू सांगत असतेस तसंच लिही, मी नीट उतरून काढीन.

इथं रोज मोर्चे असतात, एक कोंकणीचा, दुसरा मराठीचा. कॉलेजात मुली विचारतात, तू कुठल्या बाजूची? मला काही सांगता येत नाही.

आईचा नमस्कार.

तुझी
राणी

॥ श्री ॥
पेडणे, ११ मे १९८६

राणी,

मुलींना सांग, आमच्या घरात बोलतात कोंकणीत, लिहितात मराठीत आणि शिव्या देतात दोन्हीत. कोणाला कुठली हवी ती घेऊन जा म्हणावं.

आता वकिलासाठी. मी काही शिकलेली नाही, मागचं पुढं होईल.

ओतेल मिंगेलबाबाच्या बापानं बांधलं. सावंतवाडीकडून येणारा माणूस नाक्यावर तपासणी होऊन पेडण्यात पोचेपर्यंत अर्धा मेलेला असायचा, तो इथं उतरायचा. वर खोल्या, खाली जेवायची साल, म्हणजे मोठं दालन, आणि नाव एस्त्रेल, म्हणजे चांदणी. चुली दोन होत्या. पुढची पाखल्यांची, म्हणजे पोर्तुगिजांची, आणि किरिस्तांवांची, तिथं डुक्कर शिजायचं. मागची वेगळ्या छपराची, ती हिंदूंची. वाडीचे व्यापारी, देवळाचे भट, जत्रेचे दशावतारी, ह्यांना मागच्या चुलीवरचं लागायचं. पुढं पाव खाणारे, मागं भाकरी. मधल्या अंगणात कुत्री मात्र दोन्हीकडचं खायची. तुझा आजा त्या मागच्या चुलीचा रांधपी. मी लग्न होऊन आले ती ह्याच घरात. जयराम ह्याच घरात झाला, चुलीच्या पाठीमागं, कारण बाकी घर गळत होतं. आपला गणपतीही इथंच बसतो. मिंगेलबाबाच्या बायकोनं त्या काळी स्वतःच्या झाडाचे नारळ गणपतीवर टांगायच्या माटोळीला बांधायला दिले होते, ते लिही. माणूस बरा असेल तर बरा म्हणावं.

मग हिंदुस्थानानं सीमा बंद केली. वाडीचा व्यापारी येईना. ओतेल ओस पडलं. पाखले शिपाई येऊन राहिले, त्यांनी जेवायच्या मेजावर बंदुका पुसल्या. ते गेले, मग आपली मिलिटरी आली, त्यांनी त्याच मेजावर पीठ मळलं. मिंगेलबाब घरच्यांना घेऊन लिस्बोनला गेला, किल्ल्या तुझ्या आज्याकडं. मग मराठी शाळा आली. सालीत पहिली-दुसरी, वर तिसरी-चौथी. मी भांडी घासताना दाराआडून अक्षरं ऐकायचे, फळ्यावर बघायचे आणि राखेत गिरवायचे. जयराम माझ्यावर हसायचा, "आये, तुझो ग उलटो." म्हटलं, तुझा बाप सुलटा होता, त्यानं काय केलं?

शाळेला नवी इमारत झाली. मग डिचोलीच्या खाणीचे ट्रकवाले भाड्यानं आले. सगळीकडं तांबडी माती, अंथरुणंसुद्धा तांबडी. मग रेशनचं गोदाम, मग उंदीर, मग नुसतं कुलूप. मागच्या चुलीचा धूर ह्यातल्या एकाही वर्षी थांबला नाही. वकिलाला हेच सांग. मालक आले, गेले. रांधायचं काम कोणाचं थांबत नाही.

शेट परवा येऊन गेला. म्हणतो, "देवकीबाय, माका घाय ना. चवथ जांव दी." गणपतीची चवथ कशाला मधी घातली ते कळलं नाही. त्याची माया एवढी कशी उतू जाते?

जयरामाला पाठव.

देवकी

॥ श्री ॥
वास्को, २० जुलै १९८६

प्रिय आजी,

उत्तराला उशीर झाला, रागावू नकोस. तुझं पत्र मी नीट उतरून वकिलांना दिलं. ते हसले आणि म्हणाले, कागद म्हणून चालेल, कुत्र्यांचं तेवढं काढू. जूनची तारीख पुढं गेल्याचं त्यांनी कळवलंय.

बाबा येऊ शकले नाहीत. आता तर पणजीचा मांडवीवरचा पूलच पडला, फेरीबोटीला माणसांच्या रांगा आहेत. बाबांना थोडी कसर आहे, पावसाची असेल. काळजीचं काही नाही. आई पथ्याचं करते.

तू एकटी इकडं यायचं डोक्यात आणू नकोस. फेरीवर फार गर्दी असते.

तुझी
राणी

॥ श्री ॥
पेडणे, १४ ऑगस्ट १९८६

राणी,

हे बापाला वाचून दाखव, एक शब्द गाळू नकोस.

जयराम, तुला कसर आहे म्हणे. तुला लहानपणापासून कामाच्या दिवशीच कसर येते. शाळेत गणिताच्या दिवशी पोट दुखायचं, बापाच्या बाराव्याच्या दिवशी ताप आला होता. आता मामलेदाराची तारीख लागली तर पूल पडला. पूल तूच पाडलास की काय? शेट येऊन माझं घर मोजून जातो, दारा-जनेलांची रुंदी घेतो, आणि तू बायकोच्या, त्या वत्सलेच्या, पदराला गोंडा होऊन लोंबतोस. भाटकाराला उत्तर द्यायला म्हातारी, आणि पेज प्यायला तू. मी ह्या चुलीपुढं बसून राहिलेय ती माझ्या हौसेनं नव्हे. तुला परत यायला जागा असावी म्हणून. नको असेल तर तोंडानं येऊन सांग.

राणी, चवथ सात सप्टेंबरची आहे. गणपतीच्या मूर्तीसाठी गोपाळ चिताऱ्याकडं पाट देऊन आलेय. शेटाची माणसं आत्ताच पुढं येऊन राहिलीत, कोल्हापूरकडचे गवंडी आहेत, केरबा म्हणून त्यांचा मुकादम आहे. सगळा दिवस ठोकठोक चालते. चवथीला तुम्ही तिघंही या. पुढच्या वर्षाचं कोणी बघितलंय.

देवकी

वास्को, १ सप्टेंबर १९८६

प्रिय आजी,

आम्ही सगळे बरे आहोत. बाबांची कसर उतरली आहे. रजा मात्र मिळाली नाही, म्हणून चवथीला आम्हाला येता येणार नाही. तू वाईट वाटून घेऊ नकोस. गणपती नेहमीसारखा बसव, माटोळी मोठी बांध, नेवऱ्या कर. बाबांनी मुद्दाम सांगायला सांगितलंय की ह्या वर्षी काहीच कमी करू नकोस. गोपाळ चिताऱ्याकडून मूर्ती थोडी मोठी घे म्हणाले.

चवथ झाली की मी स्वतः येईन, तेव्हा सगळं बोलू.

आईचा नमस्कार.

तुझी
राणी

पेडणे, ४ सप्टेंबर १९८६

राणी,

तुझं पत्र आलं. वर श्री घातलेला नाही.

सुतकात श्री लिहीत नाहीत हे तुला मीच शिकवलं होतं, तुझी मोठी आजी गेली तेव्हा. तू सगळं खोटं लिहायला बसलीस, पण तेवढं एक खोटं तुझ्या हातून झालं नाही. बरं झालं. देवाचं नाव अशा दिवसांत घातलं असतंस तर मला राग आला असता.

तुमच्या घरात माणसं तीन. तू लिहितेस. तुझी आई गेली असती तर जयराम फेरीनं नाहीतर पोहत आला असता, बायकोचं मला सांगायला. तो आला नाही.

मी आंघोळ केली. गोपाळाकडं निरोप दिला की माझ्या पाटावरची मूर्ती दुसऱ्या कोणाला दे. माटोळीला आणलेलं सगळं केरबाच्या बायकोला दिलं.

कधी ते लिही. कशानं ते लिही. तुझ्या आईला म्हणावं, जेवत जा. उपाशी राहून कोणी परत आणलेला नाही.

देवकी

वास्को, ९ सप्टेंबर १९८६

प्रिय आजी,

माझ्या हातून चूक झाली. काय लिहू?

बाबांना मे महिन्यापासून कावीळ होती. आधी पाला दिला, मग इस्पितळात नेलं, तोपर्यंत पोटात पाणी झालं होतं. ३० ऑगस्टला सकाळी गेले. शुद्धीवर होते तोवर एकच म्हणत होते, आईला चवथ होईपर्यंत सांगू नका, तिची त्या घरातली शेवटची चवथ आहे. आई नको म्हणत होती. मी त्यांना शब्द दिला, म्हणून ते पत्र लिहिलं.

तुझं ऑगस्टचं पत्र मी त्यांना वाचून दाखवणार नव्हते. त्यांनी हातातून काढून घेतलं. पूल तूच पाडलास की काय, तिथं आले आणि इतके हसले की नर्स धावत आली. महिनाभरात हसले नव्हते. म्हणाले, "आयेचो आवाज आयकलो." मग ते पत्र उशाखाली ठेवलं होतं.

आणखी एक आहे, तेही सांगते. ह्या शिगम्याला बाबा पेडण्यात आले होते तेव्हा गोकुळदास शेट त्यांना देवळात भेटला, ओतेलाचा सौदा तेव्हा ठरत आला होता. बाबांना तुला इकडं आणायचं होतं. इथल्या क्वार्टरला मागं पडवी आहे, तिथं तुझ्यासाठी चूल घालायची असं त्यांनी ठरवलं होतं. गॅसवरचं तू खाणार नाहीस हे त्यांना ठाऊक होतं. तर त्यांनी शेटासमोर सातेरी देवीपुढं शब्द म्हणून नारळ ठेवला, की चवथ झाली की आईला घेऊन जातो, घर मोकळं करतो. तुला सांगायचं धाडस झालं नाही. दर रविवारी म्हणायचे, पुढच्या रविवारी जाऊन सांगतो. मग आजारी पडले.

आता क्वार्टरही सोडावं लागेल. आईला पोर्टात शिपायाचं काम देतो म्हणालेत.

राणी

॥ श्री ॥
पेडणे, २२ सप्टेंबर १९८६

राणी,

सुतक सरलं म्हणून वर श्री घातला आहे.

चवथीचं लिहिते. माझ्या घरात काही नव्हतं. केरबा आदल्या दिवशी दारात येऊन उभा. "आज्जे, आमाला गावाकडं जाया सुट्टी न्हाई. हितंच गणपती बसवावं म्हंतोय. जागा कुठली धरू?" मी म्हटलं, पुढच्या सालीत उगवतीच्या भिंतीला बसव, जिथं पाखल्यांचा आरसा होता. त्या सालीत सगळे जेवून गेले, गणपती कधी बसला नव्हता. ह्या वर्षी बसला. माझ्याकडचीच माटोळी वर बांधली त्यांनी, पण काही फळं उलटी टांगली. मी दाराच्या ह्या बाजूला बसले होते. सुतकात पुढं जाता येत नाही. तिथूनच ओरडले, "अरे रांडेच्यांनो, सुपारीचा घड असा टांगतात काय?" केरबानं उतरवून सुलटा केला. आरतीत त्यांचा ताल वेगळाच, कोल्हापुरी, ढोल बडवल्यासारखा. आरतीच्या वेळी मी दार लोटून घेतलं. ऐकलं.

नंतर गुरवाकडं गेले. त्याला विचारलं, जयरामानं नारळ ठेवला होता? म्हणाला, होय, शिगम्याच्या पाचव्या दिवशी, शेटही होता. मी म्हटलं, त्या गाढवाला अक्कल नव्हती, तो नारळ मी फिरवते, शब्द परत घेते. देवीला दंड काय लागतो सांग. गुरव म्हणाला, "देवकीबाय, ज्याणें दवरला ताणेंच तो उखलचो पडटा. तो जिवो आसलो जाल्यार हांवें लेगीत सांगलें आसतें. आतां म्हज्या हातांत ना." ठेवला त्यानंच उचलायचा म्हणे, आणि तो तर गेला.

तुझ्या वकिलाला विचार, हा नारळ कोर्टात चालतो काय.

पडवीत चूल घालणार होता म्हणे. माती कुठली आणणार होता? वास्कोत चुलीची माती मिळते?

देवकी

॥ श्री ॥
वास्को, १२ फेब्रुवारी १९८७

प्रिय आजी,

डिसेंबरातल्या गडबडीनंतर कचेऱ्या नीट चालू झाल्या नव्हत्या, म्हणून तारीख मे महिन्यात गेली. भाषेचा कायदा झाला, ते तुला कळलं असेल. आता कॉलेजात बाजू विचारत नाहीत.

वकील म्हणाले, नारळाला कायद्यात काहीही अर्थ नाही. मुंडकाराला कोणी तोंडी शब्दावर काढू शकत नाही. आजीनं उभं राहून एवढंच म्हणायचं की माझ्या मुलानं असं काही कबूल केलेलं मला माहीत नाही. मग घर तिच्या नावावर होईल, शेटाला संडास दुसरीकडं बांधावे लागतील. आईनंही लिहून दिलंय की तू म्हणशील ते तिला मान्य आहे.

आजी, एवढंच म्हण. बाबांनी ठेवला तेव्हा आम्ही इकडं क्वार्टरमध्ये राहत होतो. आता इकडं सड्यावर एक खोली आहे, तिघींना पाय पसरता येणार नाहीत. तुझं घर गेलं तर तुझ्याकडं काहीच राहत नाही. बाबा असते तर त्यांनी स्वतःच तो नारळ फिरवला असता.

राणी

॥ श्री ॥
पेडणे, २ जून १९८७

राणी,

परवा गोव्याचं राज्य झालं. बाजारात पेढे वाटले, मलाही एक दिला. ह्या ओतेलानं एवढी राज्यं बघितली की त्याला आता पेढ्याचं अप्रूप नाही.

तारखेला गेले होते. मामलेदार पोरसवदा आहे, बोलायला बरा. मला खुर्ची दिली. शेट समोर होता, नवा सदरा घालून. मामलेदारानं विचारलं, "आजी, तुमच्या मुलानं घर सोडायचं कबूल केलं होतं, असं हे म्हणतात. तुम्हाला माहीत आहे?"

वकिलानं शिकवलेलं मला पाठ होतं. आदल्या दिवशी चुलीपुढं बसून चार वेळा म्हटलं होतं.

मी म्हटलं, "होय. माहीत आहे. देवीपुढं नारळ ठेवून कबूल केलं होतं."

तो लिहायचा थांबला. म्हणाला, "आजी, नीट ऐका. कायदा तुमच्या बाजूचा आहे. देवी ह्या केसीत पार्टी नाही."

मी म्हटलं, "तुमच्या केसीत नसेल."

"मुलगा हयात नाही. तुम्ही त्याच्या शब्दानं बांधलेल्या नाही."

"साहेबा, तो हयात असता तर मीच त्याचा कान धरून देवळात नेला असता आणि फिरवून घेतला असता. जिवंत माणसाला खोटं पडायची मुभा असते. मेलेला कसा येऊन सांगणार की मी तेव्हा चुकलो? त्यानं ठेवलाय. घर मोकळं करते."

शेट उठून माझ्या पाया पडायला आला. मी पाय वर घेतले. म्हटलं, तुझ्यासाठी नव्हे.

तू रागावशील. रागाव. वकील तर छत्री घेऊन निघून गेला. पण तू सुद्धा बापाला शब्द दिलास आणि मला खोटं लिहिलंस. तुला का नाही मोडवला तो? मग मला कशाला शिकवतेस?

पावसाआधी पाडायचं म्हणून काल केरबा कुदळ-पिकास घेऊन आला. कौलं उतरवली, वासे काढले. चुलीपाशी आला आणि उभाच राहिला. म्हणतो, "आज्जे, पेटती चूल फोडाया हात होत न्हाई." मी म्हटलं, तुझ्या हातानं फोडायची नाहीच. सकाळची पेज काढली, त्याला दिली, मी घेतली. निखारे पाण्यानं विझवले. मग पिकास मागून घेतलं. मला उचललं नाही, तेव्हा दगड घेतला. तीन पिढ्या लिंपलेली, लवकर फुटत नव्हती. आतली माती अजून ऊन होती.

आता काम सांगते ते नीट कर. शुक्रवारी सकाळच्या गाडीनं निघते. केरबा पणजीत फेरी ओलांडून पुढच्या बसमध्ये बसवून देणार आहे, त्याचं तिकडं काम आहे. वास्कोच्या स्टँडवर तू उभी राहा. आईला आणू नकोस, तिची नोकरी नवी आहे. सामान म्हणजे एक ट्रंक आहे आणि दोन पातेली. ती तू घे, मला चालायला मोकळं पाहिजे.

घरी नंतर जाऊ. आधी त्याला जाळला ती जागा मला दाखव. लांब असली तरी चालेन.

देवकी